ऑडिओ रॅक घरी बनवायचा तर आधी हवा, ओल आणि लादी बघा

ऐरोलीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. सातव्या मजल्यावर फ्लॅट. इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर, सीडी प्लेयर, डॅक (डिजिटल सिग्नल ॲनालॉग करणारं यंत्र), फोनो स्टेज (टर्नटेबलचा बारीक सिग्नल वाढवणारं यंत्र) आणि नुकताच घेतलेला जुना डायरेक्ट ड्राइव्ह (तबकडी थेट मोटरवर फिरवणारा) टर्नटेबल, एवढं सगळं एका शोकेसवर दाटीवाटीनं बसलंय. तयार ऑडिओ रॅकच्या किमती ऐकून घेरी येते. सुतार म्हणतो, एमडीएफचं (लाकडी तंतू दाबून केलेल्या बोर्डाचं) शटरवालं युनिट करू, धूळ बसणार नाही. परदेशी व्हिडिओ म्हणतात, स्पाइक (टोकदार पाय) लावा, ग्रॅनाइट टाका, नाहीतर आवाज बिघडेल. ऐकायचं कोणाचं?

माझं ऐकाल तर दोघांचंही नाही. चार फुल थ्रेड रॉड (पूर्ण लांबीभर आटे असलेल्या सळया), मरीन म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायच्या पाच फळ्या, चारी बाजूंनी उघडा आणि जमिनीपासून चार बोटं वर उचललेला रॅक करा. ठाण्यात आणि नवी मुंबईत लोकांचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करता करता मी असे रॅक बरेच बांधून दिले आहेत. दुरुस्तीला आलेल्या यंत्रांपैकी हादऱ्यांनी बिघडलेलं यंत्र क्वचितच पाहिलं. उष्णतेनं, ओलीनं आणि पालींनी बिघडलेली मात्र नेहमीच येतात. आपल्याकडचा रॅक कसा असावा, हे त्यावरून ठरतं.

स्पाइकचा सल्ला चुकीचा नाही, तो दुसऱ्या घरांसाठीचा आहे. युरोप-अमेरिकेतल्या बऱ्याच घरांत लाकडी वाशांवर फळ्या ठोकून जमीन केलेली असते. माणूस चालला की ती लवते, टर्नटेबलची सुई उडते. वर गालिचा असतो, त्यावर रॅक डुलतो. मग गालिच्यातून आरपार जाऊन खालच्या लाकडाला घट्ट टेकावा म्हणून टोकदार पाय लावायचे. आपल्याकडे आरसीसी स्लॅब, त्यावर माल आणि वर व्हिट्रिफाइड टाइल. तुम्ही चाललात म्हणून ती लवत नाही. स्पाइक लावून मिळतं काय, तर टाइलला टवका. त्यातून टाइल खालून पोकळ असेल तर टोकाशी एकवटलेल्या वजनानं ती तडकते. रॅकची जागा ठरवताना तिथल्या प्रत्येक टाइलवर नाण्यानं टकटक करून बघा. भरीव आवाज आला तर ठीक. डबडब वाजली तर रॅकचा पाय तिच्यावर येऊ देऊ नका. आणि स्पाइकनं हादरे अडतात हा गैरसमज आहे. टोकदार पाय रॅकला जमिनीशी पक्कं जोडतो, अडवत काही नाही.

जुन्या ठाण्यात अजून काही घरांना लाकडी माळे आहेत. तिथे राहणाऱ्यांसाठी हा सल्ला नाही, त्यांनी टर्नटेबल भिंतीवरच्या फळीवर घ्यावा. त्याचंही पुढे सांगतो.

आता शटर. ॲम्प्लिफायर बंद कपाटात ठेवण्याइतकं वाईट काही नाही. साधा क्लास एबी ॲम्प्लिफायर गाणं सुरू नसतानाही तीस-चाळीस वॉट नुसता उष्णतेत घालवतो. क्लास ए किंवा व्हॉल्व्हचा असेल तर दीडशे-दोनशे वॉट सतत. मे महिन्यात आपली खोलीच तेहतीस-चौतीस अंशांवर असते. बंद कपाटात त्यावर दहा-पंधरा अंशांची भर सहज पडते. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं (त्यातला द्रव उष्णतेनं सुकतो) आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढलं की ढोबळमानानं निम्मं होतं. धुळीची भीती खरी आहे. घोडबंदर रोडवाल्यांना मेट्रोच्या कामामुळे ती चांगलीच ठाऊक आहे. पण धूळ ब्रशनं आणि ब्लोअरनं निघते, सुकलेला कपॅसिटर बदलावा लागतो. धुळीसाठी सुती कापडाची खोळ शिवून घ्या. ऐकून झालं आणि यंत्र निवलं की घालायची, चालू करण्याआधी काढायची.

मागची बाजूही उघडीच ठेवायची. सुतार तिथे सहा मिमीची पाट मारायला बघेल, कारण त्यानं चौकट ताठ होते. थ्रेड रॉडच्या रॅकला तिची गरज नाही. मागे हात जायला हवा, हवा वर जायला हवी, आणि पाल आत शिरली तर ती दिसायला हवी. पालीला उबदार जागा आवडते. पॉवर सप्लायच्या दोन टोकांमध्ये आडवी होऊन फ्यूज उडवलेल्या पाली मी काढल्या आहेत. ॲम्प्लिफायरच्या वरच्या झरोक्यांवर काही ठेवू नका, आणि डोक्यावर किमान १०० मिमी मोकळी जागा सोडा.

एमडीएफवर माझा राग नाही. कोरड्या हवेच्या गावी ते छान काम देतं. जड असतं, सपाट असतं, सुबक कापलं जातं. पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असते आणि लादी रोज ओल्या फडक्यानं पुसली जाते. एमडीएफची कापलेली कड उघडी राहिली की पाणी पिते, फुगते आणि परत बसत नाही. खालची फळी सगळ्यात आधी जाते. म्हणून प्लाय, तोही आयएस ७१० चा शिक्का असलेला, म्हणजे मरीन. साधा कमर्शियल एमआर (थोडीच ओल सोसणारा) प्लाय थोडा स्वस्त पडतो, पण पैसे वाचवायची ही जागा नाही. एचडीएचएमआर बोर्डही चालेल. तो एमडीएफपेक्षा ओलीला बराच टिकतो आणि जडही असतो. मात्र त्याच्या कडेच्या अगदी जवळ भोक पाडू नका, पापुद्रा निघतो.

तुर्भ्याला आयकिया झाल्यापासून तिथलं ५५ सेंमीचं लॅक टेबल एकावर एक चढवून रॅक करायची टूम निघाली आहे. त्याची फळी आतून कागदी जाळीची, म्हणजे पोकळ. टेबलावर २५ किलोपर्यंत वजन चालतं. सीडी प्लेयर आणि डॅकला पुरे. ॲम्प्लिफायरसकट तीन मजले चढवायला नको.

माप

हाय-फायच्या यंत्रांची रुंदी बहुतेक ४३० ते ४४० मिमी असते. पुढून मागे मात्र मापात फरक पडतो. डॅक २०० मिमीचा, मोठा ॲम्प्लिफायर ४०० च्या पुढचा, आणि मागे केबलच्या टोकांना किमान ७५ मिमी लागतात. फळी ६०० बाय ४५० मिमी धरा. रॉडचं केंद्र प्रत्येक कडेपासून ४० मिमी आत घेतलं की डावी-उजवीकडे दोन रॉडमध्ये ५०८ मिमी मोकळे राहतात. नट-वॉशरची जागा सोडूनही ४८० च्या वर उरतात, म्हणजे यंत्र आत-बाहेर करताना बोटं चेंगरत नाहीत.

फळी याहून रुंद करायचा मोह टाळा. शेजारी शेजारी दोन यंत्रं बसतील म्हणून लोक ९०० मिमीची फळी करतात. तेवढ्याच वजनाखाली फळीचं लवणं लांबीच्या घनानं वाढतं. ६०० चे ९०० केले तर ती सव्वातीन पटींहून जास्त लवेल. उलट जाडी घनानं उपकार करते. १८ ऐवजी २५ मिमी घेतली तर लवणं जवळजवळ पावणेतीन पटीनं कमी.

आठ बाय चारच्या एका शीटमधून, म्हणजे २४४० बाय १२२० मधून, अशा आठ फळ्या निघतात आणि ३२० मिमीची पट्टी उरते. करवतीची जाडी धरूनही चार तुकडे लांबीत बसतात, फक्त प्लायच्या दुकानात पॅनल सॉवर कापून घ्या. हातकरवतीनं गुण्यात (अचूक काटकोनात) कापणारे मिस्त्री आता कमी राहिले. आठपैकी पाच झाल्या फळ्या. दोन जादा फळ्या तळाच्या आणि माथ्याच्या फळीला फेविकॉलनं चिकटवून त्या ३६ मिमीच्या करायच्या. आठवी टर्नटेबलसाठी राखून ठेवा.

उंचीचा हिशेब खालून वर असा. लादीपासून ८० मिमी मोकळे, फडकं आणि झाडू खालून फिरायला. मग ३६ ची तळफळी. तिच्यावर ॲम्प्लिफायरला २६० चा कप्पा. पुढे १८ ची फळी आणि १८० चा कप्पा, पुन्हा १८ आणि १६० चा, पुन्हा १८ आणि १५० चा, आणि वर ३६ चा माथा. बेरीज ९५६. वर नटला वीसेक मिमी. एक मीटरचा रॉड बरोबर पुरतो, उरलेला तुकडा हॅक्सॉनं कापायचा. ॲम्प्लिफायर उष्ण असूनही तळाला का, असं विचारलं जातं. तो सगळ्यात जड असतो म्हणून, आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर फोनो स्टेजपासून लांब राहावा म्हणून. २६० चा कप्पा त्याच्या श्वासासाठीच आहे. व्हॉल्व्हचा असेल तर मात्र वरचा माथा त्याला द्या आणि टर्नटेबलची दुसरी सोय बघा.

रॉड आणि नट

रॉड एम-१२ (१२ मिमी जाडीचा) घ्या. एम-१० नं काम भागतं, पण रॅक हातानं हलवला की जाणवतं. एक सावधगिरी: हार्डवेअरच्या दुकानात 'चार सूत' म्हणून मागितलंत तर अर्धा इंची रॉड हातात पडेल. त्याचे आटे वेगळे, इंचाला बारा. एम-१२ चा आटा पावणेदोन मिमीचा. दोन्ही दिसायला सारखे, पण एकाचा नट दुसऱ्यावर दोन फेरे जातो आणि जाम होतो. रॉड, नट, चेकनट (नट सैल पडू नये म्हणून त्याला भिडवून आवळायचा दुसरा नट) सगळं एकाच दुकानातून, एकाच वेळी घ्या आणि दुकानातच नट फिरवून बघा. वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळे-तुर्भ्याच्या एमआयडीसीच्या आसपास मिळून जातं. हवी ती वस्तू नाहीच मिळाली तर मस्जिद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीट गाठा.

प्रत्येक फळीला प्रत्येक रॉडवर खाली एक नट आणि वर एक. पाच फळ्या, चार रॉड, म्हणजे चाळीस नट आणि तेवढेच रुंद वॉशर. शिवाय चार डोम (गोल टोपीचे) नट माथ्याला, चार रबरी पाय आणि पायांना चार चेकनट. वॉशर छोटा घेतलात तर नट प्लायमध्ये रुतेल. ३५ मिमीच्या आसपास व्यासाचा घ्या.

झिंक केलेला रॉड स्वस्त, पण खाडीच्या हवेत दोन-तीन पावसाळ्यांत त्यावर पांढरी भुकटी धरते आणि मग गंज. ऐरोलीला खाडी अगदी पायाशी आहे, तिथे स्टेनलेसचा ३०४ घेतलेला बरा. फक्त स्टेनलेसच्या रॉडवर स्टेनलेसचा नट भराभर फिरवू नका. घर्षणानं तो जागीच चिकटतो, मग पान्यानं मागेही येत नाही आणि पुढेही जात नाही, कापावाच लागतो. आट्यांना आधी ग्रीसचा हलका हात द्या आणि हातानं, सावकाश फिरवा.

बांधणी

सगळ्यात महत्त्वाचं काम भोकांचं. पाच फळ्यांची वीस भोकं वेगवेगळी आखून पाडलीत तर चारही रॉड सरळ उभे राहणारच नाहीत. सगळ्या फळ्या एकावर एक रचा, कडा जुळवा, क्लॅम्प करा, आणि चार मिमीचं भोक एकदम पाडा. गठ्ठा जाड होत असेल तर वरच्या फळीचा साचा धरून दोन खेपांत पाडा. मग प्रत्येक फळी वेगळी करून १३ मिमीचं. फळीखाली टाकाऊ प्लायचा तुकडा ठेवलात की बिट बाहेर येताना चिरा पडत नाहीत. जवळ एखादा फॅब्रिकेशनवाला असेल तर त्याच्या उभ्या ड्रिल मशीनवर पाडून घ्या, हातातल्या ड्रिलनं भोक तिरकं जातंच.

पुढच्या बाजूनं कोणती कड, वरची बाजू कोणती, हे पेन्सिलीनं प्रत्येक फळीवर लिहून ठेवा. भोकं कितीही काळजीनं पाडली तरी फळी उलटी फिरवली की अर्धा मिमी चुकतो.

कडांना सागाची पट्टी लावा किंवा एजबँड. पट्टी दिसायला सरस. सनमायका लावणार असाल तर दोन्ही बाजूंनी लावा, वर चांगला आणि खाली लायनर. एकाच बाजूला लावला तर फळी हळूहळू वाटीसारखी वाकते. मेलामाइन किंवा पीयू पॉलिश करणार असाल तर भोकांच्या आतूनही ब्रश फिरवा, ओल तिथूनच शिरते. पॉलिशचा वास पूर्ण जाईपर्यंत रबरी पायांची यंत्रं वर ठेवू नका, कच्च्या पॉलिशला रबर चिकटतं आणि काळा डाग सोडतं.

जोडताना कप्प्याच्या उंचीचे ठोकळे उरलेल्या पट्टीतून कापून घ्या, टेपनं मोजत बसण्यापेक्षा ते बरे. तळफळी बसवा, पाणसळ लावून चारही पाय समतल करा, आणि मग ठोकळा ठेवून पुढची फळी. एम-१२ चा नट एक फेरा फिरवला की फळी पावणेदोन मिमी वर-खाली होते, पाव फेऱ्यात अर्ध्या मिमीच्या आत. त्यामुळे या रॅकची प्रत्येक फळी स्वतंत्रपणे समतल करता येते, आणि माझ्या लेखी हेच या रॅकचं सगळ्यात मोठं सुख. आपल्या फ्लॅटमधल्या लाद्यांना बाल्कनीकडे किंवा मोरीकडे थोडा उतार असतोच. वेल्डिंगच्या चौकटीत तो पायाखाली पुठ्ठे सारून काढावा लागतो.

नट आवळताना पाना घेऊन अंगात येऊ देऊ नका. वॉशर प्लायला घट्ट टेकला आणि पाव फेरा पुढे, बस. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की लाकूड जरा आक्रसतं, नट सैल पडतात. तेव्हा एकदा पाना फिरवायचा.

वेल्डिंगच्या चौकटीबद्दल एवढंच सांगतो की पॉवर ॲम्प्लिफायर तीस किलोच्या वरचा असेल तरच तिकडे वळा. २५ बाय २५ चा, दोन मिमी जाडीचा चौकोनी पाइप घ्या. आधी सगळे कोपरे टाके मारून दोन्ही कर्ण मोजायचे, सारखे आले की पक्कं वेल्डिंग आणि मग पावडर कोटिंग. पाइप घंटेसारखा वाजतो म्हणून आत रेती भरतात. भरायचीच तर कोरडी भाजलेली भरा. खाडीची नको, तिच्यातलं मीठ पाइप आतून खातं.

टर्नटेबल

आवाजाच्या दृष्टीनं रॅकचा खरा प्रश्न इथेच येतो. सीडी प्लेयरला, डॅकला रॅकनं फरक पडतो असं सांगणारे पुष्कळ आहेत. मला तो ऐकू आलेला नाही. टर्नटेबलचं वेगळं. सुईचं कामच मुळी हालचाल विजेत बदलायचं. खोबणीची हालचाल कोणती आणि फळीची कोणती, हे तिला कळत नाही.

आपला स्लॅब ताठ असला तरी तीन गोष्टी उरतात. स्पीकरमधून हवेतून येणारा बास, स्पीकरच्या पायातून लादीत उतरणारा बास, आणि बाहेरचे हादरे: ठाणे-बेलापूर रोडवरचे ट्रेलर, इमारतीचा पाण्याचा पंप, शेजारचं वॉशिंग मशीन. पहिल्या दोनांवर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे रॅक दोन स्पीकरच्या मधोमध किंवा कोपऱ्यात न ठेवता बाजूच्या भिंतीला नेणं. कोपऱ्यात बास साचतो.

परीक्षा अशी करा. मोटर बंद, रेकॉर्ड थांबलेली, सुई तिच्यावर टेकवलेली. आवाज अगदी कमी ठेवून नेहमीच्या पातळीपर्यंत हळूहळू वाढवा. घुमल्यासारखं वाटलं तर लगेच मागे या. मग रॅकच्या माथ्यावर बोटाच्या पेरानं हलकेच टकटक करा. स्पीकरमधून बारीकसा टकटक आवाज आला तर चालेल. ढम्म असा लांबलेला आला तर काहीतरी करायला हवं.

काय करायचं ते ठरवताना थोडं गणित लागतं. टोनआर्म (सुईचा दांडा) आणि कार्ट्रिज (सुई बसवलेली डबी) मिळून त्यांची स्वतःची एक कंपनसंख्या असते. जोडी नीट जुळलेली असेल तर ती ८ ते १२ हर्ट्झमध्ये पडते. टर्नटेबलखाली जे काही लवचीक ठेवाल त्याचीही स्वतःची कंपनसंख्या असते, आणि ती ते वजनानं किती दबलं यावरून काढता येते. एक मिमी दबलं तर साधारण १६ हर्ट्झ, चार मिमी दबलं तर ८, दहा मिमीला ५, पंचवीस मिमीला ३. रबराची प्रत्यक्षातली संख्या याहून थोडी वरच असते. लवचीक आधार आपल्या कंपनसंख्येच्या साधारण दीडपट वर गेल्यावरच हादरे अडवायला लागतो. त्याच्या जवळपास तो उलट हादरे वाढवतो.

आता बघा, लोक जे अर्धवट मऊ रबरी पॅड किंवा स्क्वॉशचे अर्धे कापलेले चेंडू टर्नटेबलखाली घालतात, ते किती दबतात? तीन-चार मिमी. म्हणजे ८-९ हर्ट्झ, नेमकं टोनआर्मच्या दुखऱ्या जागी. म्हणून एक तर काहीही घालू नका, टर्नटेबल त्याच्या मूळ पायांवर सरळ माथ्यावर ठेवा. नाहीतर खरोखर मऊ आधार द्या, ५ हर्ट्झच्या खाली जाणारा. अधलंमधलं नको.

खरोखर मऊ आणि स्वस्त म्हणजे सायकलची ट्यूब. लहान मुलांच्या बारा इंची सायकलची घ्या, माथ्यावर पसरा, आणि तिच्यावर ती राखून ठेवलेली आठवी फळी ठेवा. फळीची रुंदी ४७० मिमीवर कापून घ्या, म्हणजे डोम नटना ती घासणार नाही. टेक्निक्सचा एसएल-१२०० रुंदीला ४५३ मिमी आहे, तो तिच्यावर नीट बसतो. हवा इतकीच भरायची की फळी माथ्यापासून जेमतेम सुटेल. गच्च फुगवली की ट्यूब कडक होते आणि फायदा गेला. वॉल्व्ह मागच्या बाजूला ठेवा, काही आठवड्यांनी हवा भरावी लागते. टर्नटेबलचं वजन सारखं वाटलेलं नसतं, मोटर आणि टोनआर्मकडे फळी कलते. तेव्हा ट्यूब त्या बाजूला थोडी सरकवत पाणसळ प्लॅटरवर (रेकॉर्ड ठेवायच्या तबकडीवर) ठेवून बघत राहायचं. हे जमायला संध्याकाळ जाते, पण जमतं.

ज्यांचा टर्नटेबल बेल्ट ड्राइव्ह आहे आणि आत स्प्रिंगवर टांगलेली सबचासी (प्लॅटर आणि टोनआर्म वाहणारी चौकट) आहे, त्यांनी ट्यूब अजिबात वापरू नये. स्प्रिंगवर स्प्रिंग चढली की दोन्ही एकमेकींना झुलवत बसतात. तसल्या टर्नटेबलला हलका, ताठ आधार हवा.

भिंतीवरची फळी हा तिसरा मार्ग. ती घेण्याआधी भिंत कसली ते ठोकून बघा. नव्या टॉवरमध्ये आतल्या भिंती बहुधा सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीट ब्लॉकच्या) असतात, तिच्यात साधा रावल प्लग धरत नाही, केमिकल अँकर (भोकात रसायन भरून पक्का बसवायचा बोल्ट) लागतो. मिवान पद्धतीच्या (ॲल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या) इमारतीत भिंतही काँक्रीटची असते. ड्रिलला जड जाते, पण एकदा धरलं की धरलं. तिथे सोसायटीला विचारूनच भोक पाडा. पावसाची झोड बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर फळीही नको आणि तिला चिकटून रॅकही नको, किमान १५० मिमी अंतर ठेवा.

तारा

एक्स्टेंशन बोर्ड लादीवर टाकू नका, ओलं फडकं तिथे पोचणारच. मागच्या रॉडला आडवी पट्टी मारून तिच्यावर बसवा. विजेच्या तारा एका मागच्या रॉडला बांधा, सिग्नलच्या दुसऱ्या. एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात. फोनो स्टेज ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरजवळ गेला की हम (घूं असा सततचा आवाज) ऐकू येतो. तो फोनो स्टेज हातात धरून इकडेतिकडे फिरवून, जिथे सगळ्यात कमी वाटेल तिथेच बसवा, फळीवर कुठे शोभतो ते नंतर. हम जागेनं बदलत नसेल तर रॅकचा दोष नाही. आधी टर्नटेबलची अर्थची तार बघा, मग केबल टीव्हीची तार काढून बघा. आणि इलेक्ट्रिशियनकडून भिंतीतल्या तिसऱ्या पिनला खरंच अर्थिंग आहे का ते तपासून घ्या.

ग्रॅनाइटचं विचारलंत. ६०० बाय ४५० चा २० मिमी जाडीचा दगड जवळजवळ पंधरा किलो भरतो. तेवढीच १८ मिमी प्लायची फळी सव्वातीन किलोच्या आसपास. वजन उपयोगी असतं, पण दगड स्वतः टणटण वाजतो, म्हणून त्याच्या खाली फेल्ट किंवा कॉर्क लागतो. हौस असेल तर मार्बलवाल्याकडून कडाप्पाचा तुकडा घासून आणा, ग्रॅनाइटहून स्वस्त पडतो आणि काळा रंग यंत्रांना शोभतो. तो फक्त माथ्यावर टाका. बाकीच्या फळ्यांवर टाकण्यात अर्थ नाही, यंत्र बाहेर काढताना बोटं मात्र सापडतील. घरात लहान मूल असेल तर माथा जड झाल्यावर मागचे दोन रॉड पट्टीनं भिंतीला बांधाच.

खर्चाचं सांगायचं तर मोठा हिस्सा प्लायचा आणि पॉलिशचा. झिंकचे रॉड-नट-वॉशर मिळून प्लायच्या शीटच्या निम्म्याहून कमी पडतात, स्टेनलेसचे त्याहून बरेच वर जातात.

रेकॉर्ड याच रॅकच्या तळाला ठेवू नका. शंभर एलपी कव्हरसकट पंचवीस किलोच्या आसपास जातात, ॲम्प्लिफायरची हवा अडवतात आणि स्वतः तापून वाकतात. त्यांना वेगळं, बुटकं, उघडं शेल्फ करा, पावसाळ्यात त्यात सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा. स्लॅबची काळजी करणारे शेजारी भेटले तर सांगा, राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलोचा भार धरून डिझाइन केलेला असतो. यंत्रांसकट हा रॅक सत्तर-ऐंशी किलोचा, भरलेल्या पुस्तकांच्या कपाटाहून हलका. रेकॉर्ड हजाराच्या पुढे गेल्या की त्या मात्र एका जागी न रचता भिंतीलगत, बीमच्या बाजूनं पसरून ठेवा.